संजय गांधी उद्यान, पण बोरिवली गेट नको: नागला की येऊर?

पाणथळ_वसई

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात एक सकाळ काढायची आहे. वनराणी (तिथली छोटी आगगाडी), सफारी, बोटिंग हे मुलाचं शाळेच्या सहलीत झालंय, त्यामुळे मुख्य गेटच्या रांगा नकोत. पक्षी बघायचेत, शांतपणे चालायचंय, जमलं तर खाडीही बघायची आहे.

माणसं तीन: मी, मुलगा (चौथीत, पक्ष्यांचं वेड) आणि आई (वय ६८, सपाटीला दोनेक किलोमीटर आरामात चालते, पण उतारावर गुडघा बोलतो). वसईहून स्वतःच्या गाडीने निघू.

नागला ब्लॉक आणि येऊर ही दोन नावं सारखी कानावर येतात. तिघांना मिळून कुठे जमेल? परवानगी कोणाकडे मागायची? आणि तिथे काही मिळत नसेल तर सोबत काय काय घ्यायचं? कोणी नीट सांगेल का?

तिवरकाठ

आधी भूगोल, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. उद्यानाचा मोठा भाग वसईच्या खाडीच्या दक्षिणेला आहे: बोरिवली, मुलुंड, ठाणे, येऊर. नागला हा तुकडा खाडीच्या उत्तरेला, म्हणजे तुमच्याच तालुक्यात. त्याच्या वरच्या अंगाला कामणचा रस्ता आणि वसई–दिवा रेल्वे, आणि त्यापलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य. कागदावर उद्यान एकच, पण मधे खाडी. म्हणून बोरिवलीची गर्दी इकडे फिरकत नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ‘नागला बंदर’ आहे ते खाडीच्या दक्षिणेचं, म्हणजे तुमच्यासाठी पलीकडचं. नकाशात नुसतं ‘नागला’ टाकलं की गाडी हमखास तिथे जाऊन थांबते. तुम्ही ‘ससूपाडा’ किंवा ‘ससूनवघर’ टाका. अहमदाबाद महामार्गावर, वर्सोवा पुलाच्या उत्तरेला. वसईकडून येताना डाव्या हाताला, त्यामुळे जाताना वळण घ्यावं लागत नाही. परतीला मात्र पलीकडच्या मार्गिकेवर जायचंय, ते वळण घरीच नकाशात बघून ठेवा. दुभाजकाच्या फटीतून गाडी काढायचा मोह नको, त्या पट्ट्यात ट्रेलर थांबत नाहीत.

परवानगी. नागल्याच्या वाटेवर आपलं आपण शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यान आहे, विनापरवाना आत सापडलात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो. ‘मी सोडतो आत’ म्हणणारा कोणीतरी महामार्गाच्या कडेला भेटेलही. तो तुम्हाला आत नेईल, पण वनरक्षक समोर आला की त्याचा पत्ता नसेल. अर्ज ‘वनसंरक्षक तथा संचालक, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, बोरिवली (पूर्व)’ यांच्या नावे करा. विषय एका ओळीत: ‘नागला निसर्गवाटेवर पक्षीनिरीक्षणासाठी परवानगी मिळणेबाबत’. खाली प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राची प्रत, एक चालू मोबाइल क्रमांक, गाडीचा क्रमांक, तारीख, आत जायची आणि बाहेर यायची वेळ. कॅमेरा नेणार असाल तर तोही लिहा. ड्रोनचं नाव काढू नका, चालत नाही. बोरिवली गेटजवळच्या निसर्ग माहिती केंद्रात विचारलंत तर सोबत वाटाड्या मिळायची सोय त्याच फेरीत होते. पैसे भराल त्याची पावती घ्या आणि कागदावरच ठेवा, फोनमधला फोटो दाखवायला आत रेंज असेलच असं नाही.

नाताळात अर्ज अडकतो तो सुट्ट्यांपायी. २५ तारखेला कार्यालय बंद, शनिवार-रविवार बंद, आणि सोमवारी उद्यानच बंद. त्यामुळे अर्ज निदान दहा दिवस आधी हातात द्या आणि तारीख २५ सोडून मंगळवार ते शुक्रवारमधली मागा.

वाटेवर किती चालायचं ते अंतरावर ठरवू नका, घड्याळावर ठरवा. त्याच वाटेने परत यायचं असतं. सात वाजता आत शिरलात तर साडेआठला, जिथे असाल तिथून, मागे फिरा. लहान मुलाचा वेग जाताना वेगळा आणि येताना वेगळा, हे हिशोबात धरा. आत टपरी, पाणी, शौचालय काहीच नाही. महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर सगळं उरकून या.

आता खाडी. नुसती ‘बघायची’ असेल तर केव्हाही दिसेल. पक्षी हवे असतील तर ओहोटी पाहिजे. भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि टिलवे, तुतवार, बगळे चरायचं सोडून कुठेतरी दाटीवाटीने बसून राहतात. पाणी उतरायला लागलं की पहिला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा सगळ्यात चांगला, किडे-खेकडे तेव्हा वर असतात. वेळ काढायचा आपला कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, तेवढे वाजता पूर्ण भरती. तृतीयेला तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. पहाटे सव्वादोनला भरती, पुढे सुमारे सहा तास बारा मिनिटांनी, साडेआठच्या सुमाराला, पुरती सुकती (पाणी सगळ्यात खाली). चतुर्थीला भरती तीनला, सुकती सव्वानऊला. म्हणजे सकाळच्या फेरीसाठी कुठल्याही पक्षातली द्वितीया ते चतुर्थी उत्तम. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला लागूनचे हे दिवस, त्यामुळे पाणी खूप मागे जातं आणि चिखल रुंद उघडतो. अष्टमीला भांग असते, पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही, आणि सकाळी सहाला भरती. तो दिवस टाळा.

तिवरांत (खारफुटीत) मात्र उतरू नका. वरून घट्ट दिसणारा चिखल पोटरीपर्यंत घेतो, आणि तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीएवढी, उभी, दाट असतात. पातळ तळव्याच्या चपलेतून सरळ आत घुसतात. काठावर उभं राहून दुर्बीण लावा. तिवराच्या सुक्या फांदीवर काळ्या डोक्याचा खंड्या बसलेला सापडला तर मुलाला आधी त्याची चोच दाखवा: लाल, जाड, आणि उन्हात लांबूनही उठून दिसते. पांढऱ्या छातीचा खंड्या गावातल्या विहिरीवरही दिसतो. हा मात्र खाडी आणि तिवरं धरून राहतो.

आईंचं म्हणाल तर त्यांना नागल्याला नेऊ नका असं मी म्हणेन. चढ फार नाही, पण पायाखाली दगड आणि मुळं आहेत, वाट अरुंद आहे, आणि मधेच थकल्या तर गाडी त्यांच्यापर्यंत येऊ शकत नाही.

पाटोणपाडा_रोड

तिवरकाठ यांनी नागला छान सांगितलंय, पण तिघांना मिळून जायचं तर माझं मत येऊर. कारण सरळ आहे: डांबरी रस्ता आहे. आईंना हवं तेवढं चालता येतं, दमल्या तर गाडीत बसता येतं, आणि तुम्ही मुलाला घेऊन थोडं पुढे जाऊ शकता.

वसईहून घोडबंदर रस्त्याने गायमुख, कासारवडवली, मानपाडा, मग पोखरण रस्त्याने उपवन तलाव, आणि तलावाच्या मागून घाट चढतो. सुरुवातीलाच वनखात्याची चौकी आहे, तिथे थांबून नोंद करा. गायमुख घाटात अवजड गाड्यांनी सकाळी सातनंतर रस्ता तुंबतो. पाचला घर सोडलंत तर सहा-सव्वासहापर्यंत चौकीवर. सूर्योदय त्या दिवसांत सातच्या आगेमागे, म्हणजे चहा प्यायला वेळ उरतो. गाडी नको असेल तर ठाणे स्टेशनहून टीएमटीची (ठाणे पालिकेची) बस वर पाड्यांपर्यंत जाते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. येऊर ‘शांत’ आहे ते फक्त आठवड्याच्या मधल्या सकाळी. शनिवारची रात्र म्हणजे बंगले, हॉटेलं, मैदानांवरचे दिवे आणि गाणी. रविवारी पहाटे सायकलवाले आणि पळणारे साडेपाचपासून साडेआठपर्यंत घाटात असतात. त्यांचा त्रास काही नाही, पण भेकर रस्त्यावर यायची वेळ नेमकी तीच. आणि नाताळ ते एकतीस डिसेंबर सगळे वार शनिवारसारखेच धरा. म्हणून सुट्टी लागल्या लागल्या, २५ च्या आधीचा मंगळवार-बुधवार गाठा.

पाड्यांच्या पुढे डांबरी सोडून जंगलातल्या वाटेला जायचं तर इथेही परवानगी लागते, येऊरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून. त्याशिवाय रस्त्याच्या कडेनेच राहा. खरं तर डिसेंबरात तेवढं पुरतं. ओढ्यांचं पाणी आटून छोटे छोटे डोह उरलेले असतात, आणि पक्षी त्या डोहांवर येतात. चालत सुटण्यापेक्षा असा एक डोह गाठायचा, दहा-पंधरा मीटर मागे सावलीत, सूर्य पाठीशी घेऊन बसायचं आणि अर्धा तास हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं काहीही येत नाही. तिथेच बहुतेक लोक उठतात. नंतर बुलबुल येतात, ते धीट, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे: करडा धोबी शेपूट हलवत दगडांवर, राखी कोतवाल, माशीमार, नशीब असेल तर पांढरी लांब शेपटी घेऊन स्वर्गीय नर्तक. साडेदहा ते साडेअकरा ही पाण्यावर यायची चांगली वेळ, पहाटेचे पक्षी चुकले तरी ती चुकवू नका. आईंसाठी घडीचं स्टूल घ्या, दगडावर बसून उठणं गुडघ्याला चालण्यापेक्षा जड जातं.

हवाई दलाचं ठाणं जवळ आहे. त्या बाजूला कॅमेरा फिरवू नका, फलक लावलेले आहेत. पाड्यांमधून जाताना गाडी दारात लावू नका, तिथे वाट गुरांचीही असते. शेंदूर लावलेला वाघोबाचा (पाड्यांवरच्या वाघदेवाचा) दगड दिसला तर लांबून नमस्कार करा, मुलाला त्यावर चढवून फोटो नको. एवढं सांगावं लागतं, कारण लोक करतात.

भेकर

दोघांनी बोरिवलीला फारच वाळीत टाकलंय. मुख्य गेट सकाळी साडेसातला गाठा, मंगळवार ते शुक्रवार, आणि कान्हेरीच्या लेण्यांकडे चालायला लागा. पहिला तास तुमचाच. गर्दी गेटपाशी आणि कान्हेरीच्या पायथ्याशी असते, मधला पाच-सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता मोकळा असतो. गाडी गेटबाहेर लावायची असंच धरून निघा. आत सायकली भाड्याने मिळतात आणि कान्हेरीपर्यंत आतलं वाहन मिळतं, आई त्यात.

कान्हेरीतही लोक ३ नंबरच्या चैत्यगृहापाशी आणि ११ नंबरच्या दरबार लेण्यापाशी अडकून बसतात. वर कोणी जात नाही. ४१ नंबरमध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. ८४ ते ८७ या ओळीत विटांच्या लहान स्तूपांची जोती उरली आहेत, ती भिक्खूंच्या स्मशानाची जागा. आणि ९० नंबरमध्ये पहलवी लिपीतले लेख, पारशी मंडळींनी इसवी सन १००९ आणि १०२१ ला येऊन कोरलेले. नावं कोरून जाणारे पर्यटक तेव्हाही होते म्हणायचे, फक्त अक्षर चांगलं होतं. आईंना मात्र खालीच चैत्यगृहाच्या ओसरीत बसवा. वरच्या पायऱ्या खडकात खोदलेल्या, झिजलेल्या, कुठे टप्पा वीतभर तर कुठे हातभर. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं आहे. महाशिवरात्रीला चुकूनही येऊ नका.

पाणथळ_वसई

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं पद्धतशीर मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. आईला बिबट्याची धास्ती आहे, आणि मुलगा पुढे पळणारा आहे. आणि शिलोंड्याची वाट कशी? तिथे पाणी आणि सावली दोन्ही आहे असं ऐकलंय.

चापडा

शिलोंडा सुंदर आहे, पक्ष्यांसाठी बोरिवलीच्या बाजूची उत्तम वाट. पण ओढा धरून जाते, दगडांवरून उड्या आहेत, वाटाड्या आणि परवानगी लागते. मुलगा खूष होईल, आई नाही. त्यांना सोडून जाणार असाल तरच.

बिबट्या. २०१५ मध्ये कॅमेरा सापळे लावून मोजले तेव्हा उद्यान आणि आजूबाजूचा भाग मिळून ३५ निघाले, २०१८ मध्ये ४७. म्हणजे आहेत, भरपूर आहेत, आणि तरी दिवसा दिसायचा योग फार क्वचित, कारण तो माणसाची वेळ सांभाळून वागतो. धोका असतो तो अंधारात, एकट्याला, आणि वाकलेल्या किंवा बसलेल्या लहान आकाराला. त्यावरून काय ते ठरवा. मुलगा पुढे नाही, मागे नाही, दोन मोठ्यांच्या मधे. बुटाची नाडी बांधायची, लघवीला जायचं तर मोठं माणूस शेजारी उभं. सकाळी उजाडल्यावर आत, संध्याकाळी पाचच्या आत बाहेर, डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. मुलाला उचलून घ्यायचं, उभं राहायचं, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचं, त्याला वाट मोकळी ठेवायची. वानरं झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला बघत खकाटायला लागली, किंवा भेकर भुंकल्यासारखं थांबून थांबून ओरडलं, तर त्या बाजूच्या झुडपात डोकावायला जायचं नसतं. थांबायचं, आणि शांत झालं की आल्या वाटेने परत.

बिबट्यापेक्षा त्या दिवसांत जास्त त्रास देते ती खाजकुयली, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. डिसेंबर-जानेवारीत शेंगा पिकतात. वाटेच्या कडेला वेलावर, हाताच्या उंचीला, सोनेरी-तपकिरी मखमली लव असलेल्या वाकड्या शेंगांचे घोस. लव नुसत्या वाऱ्याने उडते, हात लावायची गरज नाही. मुलांना मखमल दिसली की हात लावावासा वाटतोच, म्हणून घरी चित्र दाखवून ठेवा. लागली तर चोळायचं नाही आणि आधी पाणीही घालायचं नाही. चोळलं की केस कातडीत आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ओढायची, दर वेळी नवा तुकडा, तीन-चार वेळा. मग साबणाने धुवायचं. तो शर्ट उलटा करून वेगळ्या पिशवीत, बाकीच्या कपड्यांत टाकलात तर घरभर खाज. बॅगेत रुंद चिकटपट्टीचं एक रिळ ठेवा.

गोचीड सुक्या गवतातून चढतात. पँट मोज्यात खोचा, घरी गेल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत बघा. चावलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, मेणबत्ती असले उद्योग नकोत, तोंड आत तुटून राहतं.

साप थंडीत सकाळी उन्हाला येतात, डांबरी रस्त्यावरसुद्धा. घोणस पाचोळ्यात अशी मिसळते की पाय पडेपर्यंत कळत नाही. पाचोळ्यावरून चालताना काठी पुढे आपटत जा, ओंडका ओलांडताना आधी पलीकडे बघा. चावला तर आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन, आणि प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय. रेंज नसेल म्हणून येताना शेवटची रेंज कुठे मिळाली ती जागा लक्षात ठेवा. वनखात्याची मदतवाहिनी १९२६.

सामान. पाणी मोठ्यांना प्रत्येकी दीड लिटर, मुलाला पाऊण ते एक, स्टीलच्या बाटल्यांतून. गेटवर प्लास्टिक तपासतात. खायला भाकरी-चटणी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. केळी आणि वेफर्स नकोत: लाल तोंडाच्या माकडांना वेफर्सच्या पुड्याचा आवाज लांबून कळतो, आणि ती पुडा मागत नाहीत, ओढतात. जे खायचं ते गाडीत बसून. कपडे मातकट, हिरवे. पांढरा आणि भगवा लांबूनच पक्ष्यांना दिसतो. अत्तर, सुगंधी तेल लावू नका, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. दुर्बीण ८×४२ (आठ पट, ४२ मिमी भिंगाची) तुमच्यासाठी, मुलाला जमलं तर ८×३२, हलकी पडते. जड दुर्बिणीने मुलं अर्ध्या तासात कंटाळतात आणि आपल्याला वाटतं पक्ष्यांना कंटाळली.

आईंना काठी द्या. उंची अशी की हातात धरल्यावर कोपर काटकोनात राहील. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला.

उधाण_भांग

तिवरकाठ, तिथीचा हिशोब बरोबर, पण एक पुरवणी. तिथी मध्यरात्री बदलत नाही. कॅलेंडरात सूर्योदयाची तिथी छापलेली असते आणि ती दुपारी संपलेलीही असू शकते. त्यामुळे या गणिताने अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. शिवाय हे गणित समुद्राच्या तोंडाचं. खाडीत आत, घोडबंदरच्या बाजूला, पाणी त्याहून उशिरा पोचतं आणि उशिराच उतरतं. म्हणून सुकती साडेआठला आली तर साडेसात ते दहा अशी सवड धरावी. मुंबई बंदराची भरतीची कोष्टकं फोनवर सहज मिळतात, ती बघून त्यावर खाडीचा उशीर मिळवा.

तिवरकाठ

मान्य. कोष्टक बघणं सरळच चांगलं. पाऊणचं गणित महिनाभर आधी तारीख निवडायला, कोष्टक आदल्या रात्री घड्याळ लावायला.

सातिवली_नाका

कोणी तुंगारेश्वर सुचवलं नाही म्हणून. वसईकरांना सगळ्यात जवळचं तेच, सातिवलीहून आत. देवळापर्यंत रुंद वाट आहे, मधे ओढे ओलांडावे लागतात, डिसेंबरात घोट्याइतकंच पाणी. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून सकाळी रिकामं. पण ते अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान नाही, आणि वाटेवर भाविकांच्या गाड्या असतात. चिंचोटीच्या धबधब्याकडे मात्र पावसाळ्यात वळू नका, दरवर्षी माणसं बुडतात आणि म्हणून बंदीही असते.

फुलपाखरू_मुलुंड

लहान मुलगा आणि आजी दोघांना मिळून चालेल असं आणखी एक: गोरेगावला फिल्मसिटीत बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) संवर्धन शिक्षण केंद्र. ३३ एकर, उद्यानाच्या जंगलाला लागून, छोट्या आखीव वाटा, आणि शौचालय आहे (हा मुद्दा आजींसाठी मोठा). आधी नोंदणी करूनच जायचं. तुम्हाला लांब पडेल, पण अर्ज मंजूर झाला नाही तर हाताशी असू दे.

डिसेंबरऐवजी फेब्रुवारीत गेलात तर काटेसावर फुललेली असते. एका झाडाखाली बसून हळद्या, भृंगराज, धनेश सगळे येऊन जातात, चालावंच लागत नाही. कारवी (आठ वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप) विचारू नका, ती २०१६ ला आणि मग २०२४ ला फुलली, पुढच्या खेपेला मुलगा कॉलेजात असेल.

पाणथळ_वसई

ठरलं. मुलाला घेऊन नागला, आईला घेऊन येऊर, दोन वेगळ्या सकाळी. नागल्याचा अर्ज या आठवड्यात देते, मागितलेली तारीख कृष्ण तृतीयेची. एकच राहिलं: अर्जात मुलाचं ओळखपत्र म्हणून शाळेचं कार्ड चालतं का?

तिवरकाठ

ताई, आधार कार्डाची प्रत जोडा, त्यात वाद नाही. शाळेचं कार्ड जोडीला राहू दे. आणि अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या. पुढे फोनवर चौकशी करताना पहिला प्रश्न तोच येतो, ‘आवक क्रमांक सांगा’.